घरच्या एडिटिंगसाठी कॅमकॉर्डर: सोनी, पॅनासॉनिक, कॅनन, की खिशातला मोबाइलच?

महिनाभरापासून साळा मागे लागून राहिला, भाऊजी कॅमकॉर्डर सांगा, २५ हजारात बसला पाहिजे अन् एडिटिंग मी घरीच करीन. फोनवर तेच तेच सांगून दमलो, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, तुमच्यापैकी कोणी याच फेऱ्यात अडकलं असेल तर त्यालाही कामी येईल.

त्याचं सगळं लक्ष डब्यावरच्या झूमच्या आकड्यावर. सोनीचा सीएक्स४०५ म्हणजे ३० एक्स, पॅनासॉनिकचा व्ही१८० म्हणजे ५० एक्स, मग पॅनासॉनिकच भारी न? अरे पण पाहायचंय काय? सोनी ३० एक्सला साधारण ८०० एमएमच्या लेन्सइतका जवळ जातो, म्हणजे शाळेच्या हॉलमध्ये ८० फूट मागे शेवटच्या रांगेत बसलात तरी फ्रेम साडेतीन-पावणेचार फूट रुंद येते, पोरगी कमरेपासून वर पूर्ण फ्रेमभर. अजून किती जवळ जायचंय बापा? ५० एक्स कामी येतो तो आमच्या नागपुरात अंबाझरी तलावावर पक्षी टिपायला किंवा पेंचच्या जंगलात, अन् तिथंही ट्रायपॉड नसेल तर स्टॅबिलायझेशन असूनही चित्र हलत राहते. पॅनासॉनिकचं स्टॅबिलायझेशन मस्त आहे, चालता चालता शूट करणाऱ्याला ते आवडेल, हे मान्य.

खरं डोकं खाते ते घरी आल्यावर, फाइल.

सोनीत एक्सएव्हीसी एस नावाचा मोड आहे, ५० एमबीपीएस (हा बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा लिहितो ते), फुल एचडी, फाइल सरळ एमपी४. लॅपटॉपवर टाका अन् एडिटिंगचं सॉफ्टवेअर शॉटकट म्हणा की डाविंचीचं फ्री व्हर्जन म्हणा, ओढून टाइमलाइनवर सोडा. पॅनासॉनिक सगळ्यात चांगलं रेकॉर्ड करतो ते एव्हीसीएचडी नावाच्या फॉरमॅटमध्ये, २८ एमबीपीएसला. आता २८ काही वाईट नाही, घरात केक कापतानाचा व्हिडिओ दोघांचा ठेवला तर घरचे लोक फरक सांगू शकणार नाहीत, पण मारबतीच्या मिरवणुकीच्या दिवशी इतवारीत उभे राहा, गुलाल उडून राहिला, हजार डोकी एकाच वेळी हलून राहिली, तिथं फ्रेममधली प्रत्येक गोष्ट बदलत असते अन् कमी बिटरेटवाल्या फाइलमध्ये गुलालाचे चौकोनी ठोकळे दिसायला लागतात. फुटाळा तलावाच्या पाण्याचंही तसंच. याचा हिशोब कार्डात द्यावा लागतो, सोनी तासाला साधारण २२ जीबी खातो, पॅनासॉनिक साडेबारा, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात एकात पावणेतीन तास अन् दुसऱ्यात पाच. वरून सोनीला मायक्रो एसडी लागतं, ते नखाएवढं कार्ड मी एकदा सोफ्याच्या फटीत घालवलंय. पॅनासॉनिकला नेहमीचं मोठं एसडी चालते.

एव्हीसीएचडीची अजून एक भानगड, लांब क्लिप असली की कॅमेरा स्वतःच तिचे तुकडे करतो, दोन-चार जीबीला एक. नुसत्या एमटीएस फाइली, म्हणजे हेच तुकडे, कॉपी करून टाइमलाइनवर शेजारी शेजारी लावल्या की जोडावर आवाजाला झटका बसतो, बरोबर गाण्याच्या मधात. कार्डावरचं अख्खं फोल्डर जसंच्या तसं कॉपी करायचं अन् कंपनीच्या सॉफ्टवेअरनं जोडून घ्यायचं, मग त्रास नाही. अन् सेटिंगमध्ये ५०आय (अर्ध्या अर्ध्या रेघांचं चित्र) नको, ५०पी (पूर्ण चित्र) ठेवा, नाहीतर हलणाऱ्या हातांना कंगव्यासारख्या रेघा दिसतात.

आवाजात मात्र हे दोघंही मार खातात. दोघांतही बाहेरचा माइक लावायला भोकच नाही. मागच्या गॅदरिंगला माझ्या शेजारच्या काकू चिवड्याचं पाकीट घेऊन बसल्या होत्या, ते ‘चर्र चर्र’ पोरीच्या अख्ख्या डान्सभर आहे अन् ते काढता येत नाही, मी तीन रात्री घालवल्यात. इथं कॅननचा लेग्रिया आर८०६ कामाचा, त्याला माइकचं सॉकेट आहे, ३२ एक्स झूम आहे, टचस्क्रीन आहे. वाइडमध्ये, म्हणजे झूम न करता, तो या दोघांपेक्षा अरुंद, आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकते तरी सगळे लोक बसत नाहीत. भाषणं, भजन, मुलाखत असं करणाऱ्यानं कॅननच शोधावा, पण मॉडेल जुनं आहे, मिळाला तर. नाही मिळाला तर जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून स्टेजजवळ ठेवा, सुरुवातीला एक टाळी वाजवा, एडिटमध्ये टाळी जुळवली की झालं.

मग मोबाइलनंच का नको? खरं सांगू, दहा-पंधरा फुटांवरून शूट करायचं असेल, तान्हा पोळ्याला पोरगा अंगणात लाकडी बैल ओढून राहिला वगैरे, तर कॅमकॉर्डर घेऊच नका. या स्वस्त कॅमकॉर्डरचे सेन्सर बारीक असतात, संध्याकाळी अंगणात बरा मोबाइल त्यांच्यापुढे जातो. एडिटिंगला मोबाइल त्रास देतो तो वेगळाच, बरेच फोन फ्रेमरेट वरखाली करत रेकॉर्ड करतात, मग वीस मिनिटांच्या क्लिपमध्ये शेवटी शेवटी ओठ एकीकडे अन् आवाज दुसरीकडे. हँडब्रेक नावाच्या फ्री सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट २५ फ्रेमवर काढून घ्या, जाते ते. फोनच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ दाबायची एच२६५ पद्धत बंद करून एच२६४ ठेवा, जुना लॅपटॉप रडणार नाही. अन् ३० ऐवजी २५ किंवा ५० फ्रेम घ्या, आपल्याकडे लाइट ५० हर्ट्झची, नाहीतर हॉलमधले एलईडी लुकलुकतात.

मिनीडीव्ही टेपवाला सेकंडहँड स्वस्तात मिळून राहिला म्हणून साळा मधात एकदा नाचला. मी घेतला होता तसा एक, घरी आणून चालवला तर चित्रभर ठोकळे, हेड खराब, दुकानदार वापस घेईना. वरून फायरवायर पोर्ट लागतो, तो आजच्या लॅपटॉपला नसतो, अन् तासाची टेप कॉपी व्हायला पूर्ण तासच लागतो. घरी लग्नाच्या जुन्या टेपा पडल्या असतील तरच त्या वाटेला जा.

मी साळ्याला सोनी सांगितलाय. त्याची यूएसबी केबल हाताच्या पट्ट्यातच लपवलेली असते, कॅमेरा तिच्यातूनच चार्ज होतो, केबल हरवत नाही, शिवाय सोबत एक छोटी एमपी४ पण रेकॉर्ड करतो, ती त्याच रात्री आजीला व्हॉट्सअॅपवर जाते. सीताबर्डीला घ्यायला जाशील तेव्हा आपलं कार्ड अन् लॅपटॉप दोन्ही सोबत ने म्हटलं, पंख्याखाली उभं राहून दोन मिनिटं रेकॉर्ड कर, तिथंच काउंटरवर फाइल उघड, हेडफोन लावून ऐक. तर म्हणतो, भाऊजी, दुकानात एवढं कोण करते?