वालावरची अळी: निंबोळी अर्क की बीटी?

गॅलरीच्या ग्रिलवर वाल किंवा चवळी चढवणाऱ्या मुंबईकरांना वेल फुलावर आला की हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगते: चार-पाच कुंड्या असतील तर निंबोळी अर्क आणि हाताने वेचणं पुरे. सोसायटीच्या गच्चीवर मोठा मांडव असेल तर बीटी, म्हणजे अळ्या मारणाऱ्या जिवाणूंचं फवारणीचं औषध, घ्या.

पण आधी अळी नीट ओळखा. फुलं आणि कोवळ्या शेंगा जाळीने एकमेकींना चिकटल्यात, उलगडून पाहिलं तर आत पांढुरकी, काळ्या ठिपक्यांची अळी, छिद्राच्या तोंडाशी विष्ठा: ही मारुका. डोकं शेंगेत खुपसलेलं, अर्धं अंग बाहेर, कडेने पट्टे, रंग हिरव्यापासून तपकिरीपर्यंत कुठलाही: ही घाटेअळी, हरभऱ्या-तुरीवर येते तीच. दुकानदार एचएएनपीव्ही नावाचा विषाणू सुचवेल. तो घाटेअळीवरच चालतो, मारुकावर नाही.

निंबोळी अर्काने अळी लगेच मरत नाही. तिचं खाणं मंदावतं, कात टाकणं बिघडतं, आणि मादी पतंग अशा झाडावर अंडी घालायला कचरते. म्हणून कळ्या दिसताच सुरुवात करावी. 50 ग्रॅम निंबोळ्यांची भरड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, फडक्याने गाळायची, चिमूटभर साबणचुरा घालून त्याच दिवशी फवारायची. वालाला हमखास लागणारा मावाही (बारीक किडे) याने आटोक्यात राहतो. मला हा फायदा फार मोठा वाटतो.

मावा रस शोषतो, त्यामुळे बीटी त्याला काहीच करत नाही. ते जिवाणू अळीने खाल्ले तरच काम करतात: काही तासांत खाणं थांबतं, दोन-तीन दिवसांत अळी मरते. नुकत्या फुटलेल्या अळीवर गुण उत्तम, मोठीवर कमी. मात्र शेजारच्या कढीपत्त्यावर फुलपाखराच्या अळ्या असतील तर तिथे तुषार जाऊ देऊ नका, त्याही मरतील. मधमाश्यांना धोका नाही.

दोन्ही उन्हात लवकर निकामी होतात, ऑक्टोबरच्या उन्हात तर विशेष. फवारणी संध्याकाळीच करा.

अळी शेंगेत शिरली की दोन्हींचा उपयोग नाही. चिकटलेले घोस आणि भोकं पडलेल्या शेंगा तोडून साबणाच्या पाण्यात बुडवा. घाटेअळी कोषासाठी मातीत उतरते, तेव्हा वेल काढल्यावर कुंडीतली माती उकरून दोन-तीन दिवस उन्हात पसरा.