कॅनन आर५० की सोनी ए६४००: एक पावसाळा, एक लग्नसराई आणि एक उन्हाळा वापरल्यानंतर

दुकानात दोन्ही कॅमेरे दहा मिनिटं हाताळले तर आर५० जिंकतो. पडदा बोटाने चालतो, मेनू लगेच समजतो, चेहऱ्यावर चौकट पटकन बसते. ए६४०० त्याच दहा मिनिटांत जुनाट वाटतो, आणि आहेच. तो जानेवारी २०१९ मध्ये आला, आर५० फेब्रुवारी २०२३ मध्ये. पण गणपतीची मिरवणूक, हळदी-लग्नं आणि मे महिन्याचं ऊन यांतून दोन्ही बॉडी गेल्यावर हिशोब बदलतो.

फोटोच्या दर्जात फरक शोधण्यात वेळ घालवू नका. दोन्हीत २४ मेगापिक्सेलचा एपीएस-सी (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सर आहे, दोघांच्याही बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा थरथराट सावरणारी सोय) नाही, कार्डाचा स्लॉट एकच आणि तोही जुन्या, हळू यूएचएस-१ पद्धतीचा, हेडफोनची सोय कुठेच नाही. सारख्याच ताकदीच्या लेन्सनी काढलेले फोटो शेजारी ठेवले तर कुठला कशाचा ते सांगता येणार नाही. निवडायचं ते बाकीच्या गोष्टींवरून, आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टी स्पेसिफिकेशनच्या तक्त्यात सापडत नाहीत.

पहिली गोष्ट किट लेन्स. कॅननसोबत १८-४५ मिमी येते, सोनीसोबत १६-५० मिमी. दोन मिलिमीटरने काय होतंय, असं वाटतं. पण लहान सेन्सरमुळे दृश्य जितक्या पट कापलं जातं तो क्रॉप कॅननचा १.६ आणि सोनीचा १.५, त्यामुळे प्रत्यक्षात (फुल फ्रेमच्या हिशोबात) कॅननची सुरुवात साधारण २९ मिमीला होते आणि सोनीची २४ मिमीला. वन बीएचकेच्या हॉलमध्ये मुंजीचा किंवा बारशाचा ग्रुप फोटो घ्यायचा असेल तर कॅननवाला भिंतीला पाठ टेकवूनही कडेचे दोघे कापतो. सोनीची लेन्स कोपऱ्यांत मऊ आहे, तिचं वाकडेपण कॅमेरा सॉफ्टवेअरने सरळ करतो, पण माणसं तरी मावतात. कॅननची लेन्स वापरण्याआधी फिरवून बाहेर काढावी लागते, नाहीतर पडद्यावर सूचना येते आणि फोटो निघत नाही. सोनीची मोटरवर उघडते, तेवढा क्षणभर थांबावं लागतं. अंधारात दोन्ही सारख्याच निकामी. झूम केल्यावर कॅनन एफ ६.३ वर जाते, सोनी ५.६ वर (एफचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), आणि मांडवात आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८०० दिसू लागतो. तिथे एफ १.४ ची लेन्स लावली तर ६.३ च्या मानाने वीसपट प्रकाश आत येतो आणि तोच फोटो आयएसओ ६४० च्या आसपास निघतो. नवीन बॉडी घेऊन हा फरक पडणार नाही, लेन्सने पडतो.

आर५० घेणाऱ्यांना दुकानदार सहसा सांगत नाहीत ती गोष्ट म्हणजे हॉट शू, कॅमेऱ्याच्या डोक्यावरची फ्लॅश बसवायची खाच. या कॅमेऱ्यावर कॅननचा नवा मल्टिफंक्शन शू आहे आणि त्यात मधला जुना संपर्कबिंदूच नाही. त्यामुळे घरात असलेला जुना फ्लॅश, स्टुडिओतला साधा ट्रिगर, मित्राकडून आणलेला स्पीडलाइट यातलं काहीही थेट चालत नाही. एडी-ई१ नावाचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो. लहानसा पॉप-अप फ्लॅश दोन्ही कॅमेऱ्यांत आहे, पण छताकडे वळवून प्रकाश टाकायचा असेल तर तो कामाचा नाही. सोनीच्या शूवर साधा मॅन्युअल फ्लॅश आणि साधा ट्रिगर चालतो, मात्र त्याचा सिंक वेग, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सर्वांत जास्त शटर वेग, १/१६० वर अडतो. कॅननला १/२५० मिळतो. उन्हात फ्लॅश वापरणाऱ्यांना हा फरक जाणवेल, बाकीच्यांना नाही.

आता वेगाबद्दल. कागदावर कॅनन पुढे आहे, इलेक्ट्रॉनिक शटरवर सेकंदाला १५ फोटो, तर सोनीचे ११. पण कॅननचा बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती मेमरी) इतका उथळ आहे की रॉमध्ये, म्हणजे कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, सात-आठ फोटो झाले की तो धापा टाकतो. ढोल-ताशा पथकात ध्वज नाचवणारा फिरकी घेतो तेव्हा नेमकी शेवटची फ्रेम हवी असते, आणि तोवर बफर भरलेला असतो. उपाय दोन. सी-रॉ (दाबून लहान केलेलं रॉ) निवडायचं, म्हणजे फाइल लहान होऊन थोडे जास्त फोटो बसतात, किंवा बोट दाबून न धरता दोन-तीनच्या झुपक्यांनी मारायचं. सोनी रॉमध्ये ४६ पर्यंत जातो, म्हणजे चार सेकंद सलग. त्याची किंमत नंतर मोजावी लागते. साध्या कार्डावर तो सगळा ऐवज उतरायला अर्धा मिनिट किंवा जास्तही लागतो, आणि तेवढ्यात मेनूतल्या बऱ्याच गोष्टी उघडत नाहीत. जास्त वेगाच्या यूएचएस-२ कार्डावर जादा पैसे घालू नका, दोन्ही कॅमेरे त्याचा वेग वापरूच शकत नाहीत. चांगल्या कंपनीचं व्ही३० कार्ड पुरतं.

आणखी एक सवय कॅननवर लावून घ्यावी लागते. त्यात पूर्ण मेकॅनिकल शटर नाही. एक्सपोजरची सुरुवात इलेक्ट्रॉनिक होते, शेवट मेकॅनिकल. एफ १.८ उघडून १/४००० वर मागच्या दिव्यांचे गोल काढलेत तर त्यांची एक कड कापल्यासारखी दिसते. पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर लावलं तर ढोलावर पडणारं टिपरू वाकडं येतं, कारण सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो आणि तेवढ्या वेळात टिपरू पुढे सरकलेलं असतं. सोनीच्या सायलेंट शटरचंही तेच. हलणाऱ्या वस्तूंसाठी दोन्हीकडे इलेक्ट्रॉनिक शटर बंदच ठेवा.

फोकसमध्ये आजही एकही कॅमेरा कच्चा नाही. सोनीवर एएफ-सी (सतत चालणारा ऑटोफोकस), फोकस एरियात ‘ट्रॅकिंग: फ्लेक्झिबल स्पॉट एम’, आणि चेहरा-डोळे प्राधान्य सुरू, एवढं एकदा लावलं की पुन्हा हात लावायची गरज पडत नाही. कॅनन माणसं, प्राणी, वाहनं ओळखतो. पक्ष्यांसाठी तो बराच सोपा, कारण सोनीतली प्राण्यांच्या डोळ्यांची ओळख नंतरच्या फर्मवेअरमधून आली आणि ती कुत्र्या-मांजरांपुरती आहे. भिगवणला रोहित पक्षी टिपायला जाणाऱ्यांनी ही नोंद घ्यावी. पण तिथे ५५-२१० मिमीच्या पुढची लेन्स लागणारच, आणि तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला टेकतो.

रंगांत कॅनन बिनत्रासाचा. पिवळ्या बल्बखाली चेहरे उबदार राहतात, सावळी कातडी मातकट होत नाही. सोनीचं ऑटो व्हाइट बॅलन्स एलईडीखाली किंचित हिरव्याकडे झुकतं. व्हाइट बॅलन्सच्या बारीक समायोजनात मॅजेंटाकडे एक-दोन घरं सरकवली की जेपेग ठीक येतात. रॉ काढणाऱ्याला हा प्रश्नच नाही. भगवा, गुलाल आणि जेजुरीचा भंडारा मात्र दोघांनाही झेपत नाही. लाल चॅनल आधी फुटतो आणि कापडाची वीण जाऊन नुसता रंगाचा पट्टा उरतो. अशा वेळी एक्सपोजर उणे ०.३ ते ०.७ आणि सॅच्युरेशन एक घर खाली. भंडाऱ्यात लेन्स बदलायची नाही, हे सांगायला नकोच. ती पूड सेन्सरवर बसली तर नुसत्या ब्लोअरने निघत नाही.

व्हिडिओसाठी घेणाऱ्यांनी इथे सावकाश वाचावं. ए६४०० चा ४के ३० फ्रेमला सुमारे १.२३ पट कापला जातो, ही तक्रार सगळीकडे दिसते. ती खरी आहे, पण आपल्याकडे ती अडत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, इथे पाल ही व्हिडिओ पद्धत आणि २५ फ्रेम हीच योग्य निवड, आणि २५ फ्रेमला सोनी पूर्ण रुंदी वापरतो. शटर १/५० ठेवलं की ट्यूबलाइट आणि बहुतेक एलईडी लुकलुकत नाहीत. सवयीने ३० फ्रेम आणि १/६० लावणाऱ्यांच्या व्हिडिओत पट्टे सरकताना दिसतात आणि दोष कॅमेऱ्याला मिळतो. मांडवातले डिमरवाले स्वस्त एलईडी याला अपवाद आहेत, ते कुठल्याच शटरला धड वागत नाहीत. सोनीत एनटीएससी (३० फ्रेमवाली पद्धत) लावायचं झालं तर कार्ड फॉरमॅट करावं लागतं आणि दर वेळी सुरू करताना ‘रनिंग ऑन एनटीएससी’ ही पाटी येते. कॅनन २५ आणि ३० दोन्हीला पूर्ण रुंदी देतो, तेही ६के मधून उतरवून. चित्र दोन्हीचं धारदार. झटकन पॅन केलं तर दोन्हीत विजेचे खांब झुकतात.

सोनीत एस-लॉग (नंतर रंग भरण्यासाठी मुद्दाम फिकट काढलेलं चित्र) आहे म्हणून हुरळून जाऊ नका. रेकॉर्डिंग ८ बिटचं, म्हणजे रंगांच्या कमी छटांचं आहे, एस-लॉग३ वर आकाश रंगवायला गेलात की पट्ट्या उमटतात. पिक्चर प्रोफाइल १०, म्हणजे एचएलजी२ हा एचडीआर प्रकार, त्यावर काम जास्त सुखाचं होतं. कॅननमध्ये लॉग नाही, एचडीआर पीक्यू हा प्रकार आहे. बहुतेकांसाठी साधा प्रोफाइल, कॉन्ट्रास्ट थोडा कमी, एवढं बस.

कार्डाचा हिशोब असा: सोनी १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी खातो, कॅनन १२० वर ५४ जीबी. कॅननची क्लिप एका तासाला आपोआप थांबते. कीर्तन किंवा अख्खं नाटक एका दमात रेकॉर्ड करायचं असेल तर हे आधी ठाऊक हवं. सोनीला अशी मर्यादा नाही, बॅटरी किंवा कार्ड संपेल किंवा तो फार तापेल तेव्हाच थांबतो. दोन्हीत तापमानाने बंद होण्याची पातळी ‘हाय’ वर ठेवा, पडदा बॉडीपासून लांब करा आणि कॅमेऱ्यावर थेट ऊन पडू देऊ नका. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात छत्री माणसापेक्षा कॅमेऱ्याला जास्त लागते.

पडद्याची रचना व्लॉगरांचा निर्णय करून टाकते. सोनीचा पडदा वर उलटतो, आणि शूवर माइक बसवला की त्याच्या आड जातो. मग बाजूला एल-ब्रॅकेट लावून माइक तिथे हलवावा लागतो. कॅननचा बाजूला उघडून पूर्ण फिरतो, फक्त माइकची वायर त्याला अडते, म्हणून काटकोनी पिनची वायर घ्या. स्वतःला एकट्याने शूट करणाऱ्यांनी पुढचा विचार न करता आर५० घ्यावा. कॅनन सॉफ्टवेअरशिवाय वेबकॅम म्हणूनही चालतो, त्यामुळे ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांची सोय होते.

हाताळणीत मात्र सोनी. त्यात दोन डायल आहेत, एक वर आणि एक मागे, त्यामुळे मॅन्युअलमध्ये अॅपर्चर आणि शटर दोन बोटांवर राहतात. कॅननला एकच डायल, वरचं बटण दाबून अदलाबदल करावी लागते. अर्ध-ऑटो वापरणाऱ्याला फरक पडत नाही, मॅन्युअल शिकणाऱ्याला दिवसातून पन्नासदा पडतो. आरएफ ५० मिमी एफ १.८ लावली तर तिच्या रिंगवर आयएसओ किंवा अॅपर्चर देता येतं, त्याने अर्धी अडचण सुटते. सोनीचा मेनू म्हणजे जुन्या सरकारी कचेरीतल्या फायलींचा ढीग. त्यात शिरू नका. एफएन बटणाखाली बारा जागा आहेत, रोजच्या गोष्टी तिथे बसवा, उरलेल्या ‘माय मेनू’त टाका. शिवाय ‘मूव्ही बटण’ फक्त मूव्ही मोडमध्ये चालेल असं करा, नाहीतर पिशवीत हात घालताना अंगठ्याने रेकॉर्डिंग सुरू होतं.

बॅटरी दोन्हीकडे तोकडी. अधिकृत आकडे व्ह्यूफाइंडरवर कॅनन ३१०, सोनी ३६० फोटो. लग्नाला तीन बॅटऱ्या धरूनच चला. सोनीत एअरप्लेन मोड चालू आणि प्री-एएफ (बटण दाबण्याआधीच चालणारा फोकस) बंद केलं की थोडी बचत होते. कॅननमध्ये प्रिव्ह्यू एएफ बंद करा. सोनीचं चार्जिंग अजून मायक्रो यूएसबीने होतं आणि खोक्यात वेगळा चार्जर नसतो. कॅननसोबत भिंतीचा चार्जर येतो आणि बॉडीत यूएसबी-सी आहे, पण पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर लागतो. स्वस्त डुप्लिकेट बॅटऱ्या उन्हाळ्यात फुगून खोबणीत अडकतात, त्या पूर्ण भरून गाडीत ठेवू नका.

पावसात दोघेही नाजूक. सोनीची बॉडी मॅग्नेशियमची, तरी बॅटरीच्या झाकणातून पाणी शिरू शकतं. कोकणात आणि घाटात खरी भीती बुरशीची आहे. हवाबंद डबा, सिलिका जेल, छोटा हायग्रोमीटर, आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के. एसी गाडीतून उतरताना कॅमेरा झिपच्या पिशवीत अर्धा तास राहू द्या, म्हणजे लेन्सवर आतून वाफ धरत नाही.

लेन्सच्या बाजारात सोनी अजून पुढे आहे. सिग्मा ३० मिमी एफ १.४, सिग्मा १८-५० एफ २.८ (२९० ग्रॅम), टॅमरॉन १७-७० एफ २.८, आणि या सगळ्या सेकंडहँडही सहज मिळतात. कॅननवर २०२४ पासून सिग्माच्या याच लेन्स येऊ लागल्या, त्यामुळे जुना ‘कॅननला लेन्सच नाहीत’ हा आक्षेप आता चालत नाही, पण वापरलेल्या बाजारात त्या क्वचित दिसतात. ज्यांच्याकडे कॅननच्या २००डी किंवा १५००डी या डीएसएलआरच्या ईएफ-एस लेन्स पडून आहेत त्यांनी आर५० आणि ईएफ-ईओएस आर अडॅप्टर घ्यावा, ऑटोफोकस पूर्ण चालतो. २००डीवाल्यांना बॅटरीही तीच चालते.

आमचं मत: फोटो मुख्य आणि वर्षभरात दुसरी लेन्स घेणार असाल तर ए६४००, तोही फक्त बॉडी आणि सोबत सिग्मा १८-५०. घरच्यांचे फोटो, मुलं, यूट्यूब आणि एका किटवर भागवायचं असेल तर आर५०. हातात धरून चालत व्हिडिओ काढणाऱ्यांनी दोन्ही सोडून बॉडी-स्टॅबिलायझेशन असलेला सोनीचा ए६७०० घेता येईपर्यंत पैसे साठवावेत.

घेताना जीएसटीचं बिल आणि भारतीय वॉरंटी कार्ड मागा. मुंबईत फोर्टात बोरा बझारच्या आसपास ‘इम्पोर्टेड पीस’ स्वस्तात मिळतो, पण त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी लागू होईलच असं नाही. सेकंडहँड ए६४०० असेल तर लेन्स काढून सेन्सरवर बोटाचे डाग पाहा, एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून धूळ तपासा, पडदा वर-खाली करताना तो लुकलुकत नाही ना ते बघा, आणि माइकच्या भोकात वायर घालून हलवून आवाज तुटत नाही ना, हे तिथेच ऐका. कॅमेऱ्यात हेडफोन लागत नाही, म्हणून कार्ड लॅपटॉपमध्ये घालून ऐकावं लागेल. लॅपटॉप सोबत घेऊन जा.