आजोबांची युद्धनौका शोधून देतो म्हणून ४१,२०० रुपये उकळले

दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत नोकरी केलेल्या खलाशांच्या नातवंडांना गाठून, ‘तुमच्या आजोबांचा सेवातपशील आणि त्यांचे जहाज शोधून देतो’ असे सांगत पैसे उकळणारा एक माणूस सध्या फिरतो आहे. माझ्याकडून त्याने ४१,२०० रुपये घेतले. हा आकडा लिहितानाही मला शरम वाटते, आणि घरच्यांपासून तो मी बरेच दिवस लपवला होता. परंतु कोकणात अजून कितीतरी घरांत पदके आणि डिस्चार्जचा कागद ट्रंकेच्या तळाशी पडून आहे, त्या घरांपर्यंत तो पोहोचण्याआधी हे पोहोचावे.

माझे आजोबा मालवण तालुक्यातले. ते ‘बेंगाल’वर होते, असे वडील सांगत. ‘बेंगाल’ म्हणजे ११ नोव्हेंबर १९४२ रोजी हिंदी महासागरात ‘ओन्डिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या सोबतीला असताना दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांना तोंड देणारी सुरुंग काढणारी छोटी बोट. त्या झुंजीत ‘होकोकू मारू’ बुडाले आणि ‘बेंगाल’ सुखरूप परतली. ज्याच्या आजोबांचे नाव अशा बोटीशी जोडलेले आहे, त्याला एकदा खात्री करून घ्यावीशी वाटणारच; त्यात हाव कुठलीही नव्हती.

पहिल्यांदा ‘प्राथमिक शोधा’चे ४,५०० रुपये झाले. मग लंडनच्या अभिलेखागारात माणूस पाठवण्याचे १८,००० आणि प्रमाणित सेवापत्राचे ११,५०० गेले. शेवटी ते पाकीट कस्टममध्ये अडकले म्हणून ७,२०० रुपये मागितले. प्रत्येक वेळी यूपीआयवर वेगळेच नाव दिसत होते. विचारल्यावर ‘आमचे हिशेबनीस आहेत’ असे उत्तर मिळे. व्यक्तीचे नाव बदलत असेल तर पैसे पाठवू नका, मग त्याचे कारण काहीही सांगितले तरी.

ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण मला अजून झोपू देत नाही. दुसऱ्या फोनच्या वेळी डिस्चार्जचा कागद माझ्या हातात होता. आजोबांचा सेवाक्रमांक वाचून दाखवू का, असे मी आपणहून विचारले आणि तो म्हणाला, ‘त्याची आता गरज नाही.’ सैनिकाची नोंद क्रमांकावरून शोधतात, कारण एकाच नावाची माणसे कितीतरी असतात. ज्याला खरोखर शोधायचे आहे तो सर्वांत आधी क्रमांकच मागेल. पण त्याचे बोलणे मुरलेल्या कारकुनासारखे होते, जहाजांची नावे त्याच्या तोंडी होती, आणि बहुधा लंडनमध्ये निराळी पद्धत असेल असे मला वाटले. माझ्या जागी कोणालाही तसेच वाटले असते. ‘बेंगाल’ची हकीकत मी पहिल्याच फोनवर सांगून बसलो होतो, आणि पुढे त्याला जे जे ‘सापडले’ ते सगळे त्यातलेच होते. घरातल्या आठवणी अशा माणसाला आधी सांगू नका. त्याच्याकडून काय येते ते पाहा.

त्याने शेवटी पाठवलेला सेवापत्राचा कागद आता समोर ठेवून लिहितो आहे. जाड, पिवळसर, कडा मुद्दाम चहात बुडवल्यासारख्या. त्यावर आजोबा मार्च १९४१ मध्ये ‘बेंगाल’वर रुजू झाल्याचे लिहिले आहे, ती बोट सिडनीत बांधून १९४२ मध्ये सेवेत आली. पुढे १९४४ मध्ये ‘तलवार’ या युद्धनौकेवरून बंगालच्या उपसागरात गस्त. ‘तलवार’ हे कुलाब्याला जमिनीवर असलेले संदेशवहनाचे प्रशिक्षण केंद्र. १८ फेब्रुवारी १९४६ चा नाविकांचा उठाव तिथून सुरू झाला. नावापुढे ‘एचएमआयएस’ ही जहाजाचीच अक्षरे लागत असल्याने ती बोट वाटते आणि माझाही तसाच समज झाला होता. संदर्भ म्हणून ‘एडीएम १८८’ लिहिले आहे, लंडनच्या अभिलेखागारातल्या त्या मालिकेत ब्रिटिश रॉयल नेव्हीच्या खलाशांच्या नोंदी आहेत, आपल्या नाविकांच्या नव्हेत. आणि खाली १९४६ सालच्या जांभळ्या गोल शिक्क्यात अशोकस्तंभाचे सिंह आहेत! ते राजचिन्ह २६ जानेवारी १९५० रोजी स्वीकारले गेले. कागद हातात पडला की प्रथम शिक्का भिंगाखाली धरा.

याहून जास्त संताप पुढच्या प्रकाराचा आहे. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदारांनी कागद उलटसुलट पाहून विचारले, ‘पैसे दिले, कागद मिळाला, मग फसवणूक कुठे झाली?’ मग प्रकरण दिवाणी ठरले, मग हद्द त्यांची नव्हती. दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १७३ सांगते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. मी दोन्ही छापून नेली. ती वाचण्याची तसदी कोणी घेतली नाही, अर्जावर पोच शिक्का मारून मला वाटेला लावले. बँकेने सांगितले की पिन तुम्हीच टाकला आणि समोरच्याची माहिती गोपनीय आहे. चोराची माहिती गोपनीय, आणि माझी मात्र त्याच्याकडे सगळी! कागद अस्सल आहे का, एवढेच विचारणारे पत्र मी ज्या नोंदकार्यालयाला पाठवले, त्यांनी साधे उत्तरही दिले नाही. वारसांनी आपल्या माणसाची नोंद विचारली तर दाराबाहेरच उभे राहायचे, आणि मग ते दार उघडून देतो म्हणणारा भामटा येणारच. या मौनावरच त्याचा धंदा चालतो.

केंद्र सरकारच्या कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो. मी आता तोच केला आहे, सेवाक्रमांक घालून. युद्धात मृत्यू पावलेल्यांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या यादीत फुकट शोधता येतात, त्यासाठी कोणाला दमडी देऊ नका. पैसे गेल्याच्या तासाभरात सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करा. मूळ पदके आणि मूळ कागद ‘पडताळणी’साठी कोणाच्याही हाती देऊ नका, माझ्याकडेही त्याने मागितली होती, मी छायाचित्रे पाठवली, म्हणून निदान ती तरी घरात राहिली. जांभळ्या सिंहांचा शिक्का असलेला असा कागद आणखी कोणाकडे आला असेल, तर आपल्या ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि पैसे ज्या नावांवर गेले ती सगळी नावे अर्जात लिहा; चार तक्रारींत तेच खाते दिसले तर प्रकरण दिवाणी आहे असे त्यांना म्हणता येणार नाही.