बाबांचं .३२ रिव्हॉल्व्हर आणि माझी सेकंडहँड एअर पिस्तूल: वापरानंतरचा अनुभव

"नेमबाजीच्या रेंजवरही चालेल अन् वेळ पडली तर घरीही कामी येईल, अशी एकच पिस्तूल सांग." हा प्रश्न मला मित्र विचारतात, मित्रांचे मेव्हणे विचारतात, आणि बर्डीवरच्या ज्या चष्मेवाल्याकडे मी नंबर काढायला जातो, त्यानेही विचारून झालाय. उत्तर सरळ आहे आणि कुणालाच आवडत नाही: सामान्य नागपूरकराला कायद्याने मिळेल अशी ही 'टू इन वन' पिस्तूल नाही. माझ्याकडे दोन्ही कामांचं एकेक हत्यार आहे. बाबांकडून नावावर आलेलं कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, आणि सेकंडहँड घेतलेली स्टायर एलपी १० एअर पिस्तूल. गेल्या उन्हाळ्यापासून दोन्ही वापरतोय. हिवाळा, पावसाळा, कूलरचे दिवस, सगळं त्यांच्यासोबत काढलं. म्हणून आता लिहायला हरकत नाही.

आधी बाजारात आपल्यासाठी काय आहे ते बघू, म्हणजे यूट्यूबवरची ग्लॉक पिस्तुलं डोक्यातून निघून जातील. ९ मिमी हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीच्या आतला व्यास) आहे, तो साध्या परवान्यावर मिळत नाही. हँडगनमध्ये उरतात मुख्यतः .३२ आणि .२२. सरकारी कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, .३२ची 'अशनी' पिस्तूल आहे, २०१४मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून काढलेलं 'निर्भीक' आहे. निर्भीक जेमतेम अर्ध्या किलोचं, पण किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. एक गोष्ट नवख्याला कुणी सांगत नाही: .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस (७.६५ × २३) आणि .३२ पिस्तुलाचं काडतूस (७.६५ × १७) वेगवेगळी आहेत. बोअरचा आकडा सारखा दिसला म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

आणि एअर पिस्तूल. ४.५ मिमी म्हणजे .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत ताकद असेल तर शस्त्र परवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र बघून देतो. मॅच, म्हणजे स्पर्धेच्या, एअर पिस्तुलाची ताकद सहा ज्यूलच्या आसपास असते. स्वसंरक्षणाच्या दृष्टीने शून्य. ही मी उणीव धरत नाही, ती त्या कामासाठी बनलेलीच नाही.

रिव्हॉल्व्हर

बाबा रस्त्याच्या कामांचे कंत्राटदार होते. मजुरांचा चुकारा तेव्हा रोख व्हायचा आणि काटोल रोडने रात्री-अपरात्री पैसे घेऊन जावं लागायचं. म्हणून नव्वदीच्या दशकाच्या शेवटी त्यांनी हे घेतलं. शस्त्र नियम २०१६मध्ये सोय आहे की परवानाधारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, तर हयातीतच कायदेशीर वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. 'करता येतो' यावर जोर. वारसा आहे म्हणून परवाना हातात ठेवत नाहीत. नवा अर्ज, ठाण्यातून चौकशी, वैद्यकीय प्रमाणपत्र, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, घरी सुरक्षित ठेवण्याची हमी, असं सगळं रीतसर करावं लागतं. शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. मला सिव्हिल लाइन्समध्ये बऱ्याच चकरा पडल्या, पण कागद पूर्ण असले की काम अडत नाही. एजंट धरू नका. तो जे पाचशे रुपयांत करून देतो म्हणतो, ते तुम्हालाच सही करून करायचं असतं.

बाबांनी देताना एवढंच म्हटलं, "तुले देऊन राह्यलो, ते तुह्या कपाटात राह्यलं पाह्यजे, कमरेले नाही."

आता वस्तूबद्दल. जुन्या इंग्रजी वेबली रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं, मधोमध मोडणारं रिव्हॉल्व्हर आहे. नळी खाली वाकवली की सहाही काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या एकदम वर येतात. तीन इंची नळी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. यांत्रिकदृष्ट्या मला ते फार आवडतं, कारण त्यात लपलेलं काही नाही. भरलेलं आहे की रिकामं हे मोडून बघितलं की कळतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडाशी, एक गोळी राहू शकते, आणि नवख्याचा अपघात तिथंच होतो. घरात ठेवायच्या पहिल्या हत्यारासाठी मी म्हणूनच पिस्तुलापेक्षा रिव्हॉल्व्हर वरचढ धरीन.

निशाण्याचं म्हणाल, तर परवानगी असलेल्या रेंजवर ते चालवून बघितलं. हॅमर मागे ओढून मारलं तर दहा मीटरवर गोळ्या बशीएवढ्या जागेत पडतात. थेट ट्रिगर दाबून मारलं, म्हणजे घाबरलेला माणूस मारेल तसं, की गट परातीएवढा होतो. कारण ट्रिगर जड आहे, लांब आहे, आणि दाबता दाबता नळी खाली जाते. मागची साइट (नेम धरायची खाच) पक्की, हलवता येत नाही. लहान नळी, जड ट्रिगर आणि पक्की साइट खिशात ठेवायला ठीक, पण नेमबाजी शिकायला तिन्ही वाईट. सराव करून सुधारेल म्हणावं, तर काडतुसांची मर्यादा परवान्यावरच लिहिलेली असते आणि भाव असा की एका काडतुसाच्या पैशात एअर पिस्तुलाचे संध्याकाळभराचे छर्रे येतात. म्हणजे ज्या हत्याराला सराव सर्वांत जास्त लागतो, त्याचाच सर्वांत कमी होतो. ते घेणाऱ्या बहुतेकांनी घेतल्या दिवशी हवेत बार काढून बघितलेला असतो, तेवढाच. तसं तर आता तेही करू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर लग्नात-मिरवणुकीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

देखभालीत नागपूरचा खास शत्रू म्हणजे डेझर्ट कूलर. एप्रिल-मेमध्ये आपण सगळे खोलीत खसची ओली हवा भरून घेतो. बाहेर ४५ अंश कोरडं, आत मात्र दमट, आणि पोलादाला हे पावसाळ्याइतकंच बाधतं. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नका, चामडं ओलावा धरून ठेवतं. मी तेल लावून, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, भिंतीत बोल्ट केलेल्या छोट्या तिजोरीत ठेवतो. काडतुसं वेगळ्या कुलपात.

इथंच स्वसंरक्षणाची गोम आहे. नीट कुलपात ठेवलं तर रात्री दोन वाजता दोन कुलुपं उघडून, भरून, हातात यायला वेळ लागतो. हाताशी ठेवलं तर घरात पोर आहे. मी पोराच्या बाजूने निर्णय घेतलाय. त्याचा अर्थ, हे हत्यार अचानकच्या प्रसंगाला माझ्या कामाचं नाही, हेही मी मान्य केलंय. शिवाय निवडणूक लागली की छाननी समिती ठरवेल त्या परवानाधारकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं. २०२४मध्ये लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षात आल्या. तुमचं नाव त्या यादीत असेल, तर तेवढे आठवडे तुमचं संरक्षण ठाण्याच्या मालखान्यात.

कायद्याची बाजूही बघून ठेवा. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काची आहेत. जिवावर बेतलं तर हक्क मोठा आहे, पण कलम ३७ स्पष्ट सांगतं की बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ होता तिथे हा हक्क नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घातली तर पुढची कैक वर्षं कोर्टात जातील. माझ्या घराला खरा फरक पडला तो मागच्या दाराला लोखंडी जाळीचा दरवाजा बसवल्यावर.

एअर पिस्तूल

आता ज्यावर मी खरा वेळ घालवला ती. नवी मॅच पिस्तूल, मोरिनी, स्टायर, वाल्थर, पार्दिनी, कुठलीही घ्या, खिशाला भोक पाडते. पण नेमबाजीत मुलं येतात, बारावी लागली की सोडतात, आणि घरात चांगली पिस्तूल पडून राहते. माझी अशीच आली, एका इंजिनिअरिंगला गेलेल्या पोराकडून. त्याच्या आईने ती देवघराशेजारच्या कपाटात ठेवली होती आणि पेटीवर हळदीकुंकू लावलेलं होतं. दसऱ्याचं असावं.

सेकंडहँड घेताना सगळ्यांत आधी पिस्तुलाच्या दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख बघा. या सिलिंडरला मुदत असते, आणि ती संपलेलं सिलिंडर घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. विकणारा पिस्तुलाची किंमत सांगतो, तारीख सांगत नाही. मग प्रेशर गेज बघून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत बघा, काटा उतरला असेल तर सील गेलंय. तिसरं, ट्रिगर. १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा. नळी वर करून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन लटकवायचं आणि उचलायचं. वजन न उचलता घोडा सुटला तर ट्रिगर हलका आहे. अनेकांनी तो घरी हलका करून ठेवलेला असतो.

ग्रिपबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण पहिले दोन महिने मी तिच्यातच गुंतलो. लाकडी ग्रिप त्या पोराच्या हाताची होती, तळव्याखालचा पाट माझ्या हाताला घट्ट. कानशीने थोडी घासायची, मारून बघायचं, परत घासायची. जिथे जास्त निघालं तिथे वूड पुट्टी भरायची. हात डोळे मिटून उचलला आणि डोळे उघडले, तर पुढची साइट मागच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली पाहिजे. तसं होईस्तोवर घासत राहावं लागतं. मे महिन्यात तळवा इतका घामेजतो की ग्रिप फिरते. मी खडबडीत पोत केला आणि प्रत्येक सिरीजनंतर (दहा शॉटनंतर) हात पुसतो. हे एवढं जमलं की बाकी पिस्तूल गप्प बसते. एलपी १०मध्ये धक्का जिरवणारं वजन आत बसवलेलं आहे, त्यामुळे सुटल्यावर हातात जवळजवळ काही जाणवत नाही आणि आपली चूक मात्र स्वच्छ दिसते. हाताचा झटका, ट्रिगरवरची घाई, सगळं लक्ष्याच्या कार्डावर उमटतं.

लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिमी व्यासाचं, अंतर १० मीटर, आणि एकच हात. ५०० ग्रॅमचा ट्रिगर दाबताना जवळपास एक किलोचं वजन सरळ हातावर धरून ठेवायचं. सामन्यात ७५ मिनिटांत ६० शॉट. सुरुवातीला खांदा भरून येतो. मी घरी रोज रिकामी पिस्तूल पांढऱ्या भिंतीवर धरून ड्राय फायर करतो, या पिस्तुलात त्याची सोय आहे. कोऱ्या भिंतीवर नेम धरायला लक्ष्यच नसतं, म्हणून नजर पुढच्या साइटवर टिकते. रेंजवर जाण्यापेक्षा याचाच मला जास्त फायदा झाला. बायकोला मात्र वाटायचं की मी भिंतीशी भांडतोय.

चष्मेवाल्याचा संबंध इथे. पंचेचाळिशीनंतर पुढची साइट धूसर दिसते, आणि लांबच्या चष्म्याने लक्ष्य स्वच्छ दिसतं, जे नेमकं नको असतं. लांबच्या नंबरात अर्धा ते पाऊण प्लस वाढवून एक वेगळी काच करून घ्या. साइट टोकदार दिसते, काळा गोल थोडा मऊ दिसतो, आणि तसाच दिसायला हवा. बायफोकलने हे होत नाही.

छर्रे चपट्या तोंडाचेच घ्या, कागदाला गोल स्वच्छ भोक पडतं आणि गुण वाचता येतात. महागड्या डब्याच्या मागे सुरुवातीला लागू नका, तुमचा हात अजून छर्र्यापेक्षा जास्त हलतो. हवा भरायची २०० बार दाबापर्यंत. एका भरणीत दीडशेच्या आसपास शॉट सहज होतात. रेंजवरच्या मोठ्या सिलिंडरवरून भरून घ्या. हातपंपाने भरता येते, पण पावसाळ्यात त्यातून ओलावा आत जातो. आणि भरलेलं सिलिंडर उन्हात लावलेल्या गाडीत कधीही ठेवू नका. पार्किंगमधल्या बंद गाडीत आपल्याकडे मे महिन्यात काय तापतं ते सांगायला नको.

तक्रार एकच: सुटे भाग. ओ-रिंगसारखी क्षुल्लक गोष्टही नागपुरात चटकन मिळत नाही, बाहेरून मागवावी लागते आणि तोवर पिस्तूल पेटीत. म्हणून सीलचा एक जोड आधीच घेऊन ठेवा.

पहिली हँडगन कुठली, असं विचाराल तर माझं मत ठाम आहे: एअर पिस्तूल, तीही सेकंडहँड. वर्षभर मारा. त्यानंतरही .२२ची २५ मीटर नेमबाजी खुणावत असेल, तर क्लबमार्फत परवान्याचा विचार करा. आणि ज्याला खरोखर जिवाची भीती आहे, नाव घेता येईल अशी, त्याने .३२चा अर्ज जरूर करावा. पण एअर पिस्तुलावर ट्रिगर दाबायला शिकून मग करावा. माझा रिव्हॉल्व्हरचा परातीएवढा गट आता ताटाएवढा झालाय, तो .३२ची काडतुसं जाळून झालेला नाही.

सध्या अडलंय ते लेकीचं. तिलाही मारायचंय आणि ती डावखुरी आहे. उजव्या हाताची ग्रिप घासून डाव्याची होत नाही, वेगळीच घ्यावी लागते. एलपी १०ची छोट्या मापाची डावी ग्रिप शोधतोय. मिळेस्तोवर ती रेंजवरच्या जुन्या पिस्तुलावर, दोन्ही हातांना चालणाऱ्या ग्रिपने मारते, आणि शेवटच्या सिरीजमध्ये तिने माझ्यापेक्षा जास्त केलेत.