सर्वोच्च न्यायालयाचे थेट प्रक्षेपण आणि ई-एससीआर: एक परीक्षण

सरकार कोणत्या कारणाने माहिती दडवते आणि न्यायालय ते कारण कितपत तपासते, हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या नागरिकासाठी सुनावण्यांचे थेट प्रक्षेपण आणि निकालांचा ऑनलाइन संग्रह असलेले ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन विनामूल्य सेवा अत्यंत मोलाच्या आहेत. 2018 च्या निर्णयाने थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, तरी घटनापीठाच्या (राज्यघटनेचे महत्त्वाचे प्रश्न ऐकणाऱ्या, किमान पाच न्यायमूर्तींच्या पीठाच्या) सुनावण्या घरबसल्या पाहता येण्यास 27 सप्टेंबर 2022 उजाडावा लागला, आणि हा विलंब मला आजही खटकतो.

निवडणूक रोख्यांच्या, म्हणजे नाव उघड न करता राजकीय पक्षांना देणगी देण्याच्या योजनेच्या, प्रकरणात देणगीदारांच्या गोपनीयतेचा सरकारी युक्तिवाद आणि त्यावर न्यायमूर्तींनी विचारलेले प्रश्न लोकांना थेट ऐकता आले. त्यामुळे 15 फेब्रुवारी 2024 रोजी ती योजना घटनाबाह्य ठरली, तेव्हा त्यामागची कारणमीमांसा समजणे सोपे गेले. वाचनासाठी ई-एससीआर अधिक उपयुक्त आहे. सुरक्षा मंजुरी नाकारून जिच्या परवान्याचे नूतनीकरण रोखले गेले, त्या मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणातील 5 एप्रिल 2023 चा निकाल तिथे अवश्य वाचावा, कारण राष्ट्रीय सुरक्षेचे नाव घेऊन दुसऱ्या बाजूला न दाखवता न्यायालयाला सीलबंद लिफाफ्यात कागद देण्याच्या प्रथेची त्यात सविस्तर चिकित्सा आहे. काही निकालांचे मराठी अनुवादही मिळतात. त्यांची भाषा बोजड वाटते, शिवाय अधिकृत अर्थासाठी इंग्रजी मूळच ग्राह्य धरले जाते.

माझी मुख्य तक्रार प्रक्षेपणाच्या व्याप्तीबद्दल आहे. ते प्रामुख्याने घटनापीठापुरतेच आहे, आणि अटक, जामीन आणि स्थानबद्धतेच्या ज्या सुनावण्यांत शासनसत्तेचा नागरिकाशी प्रत्यक्ष सामना होतो, त्या बहुतांशी घटनापीठापुढे येतच नाहीत.