गेमवर बोलायचंय की माणसं हवी आहेत?

गेम संपतो. क्रेडिट्स वर सरकत असतात, रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि शेवटच्या दहा मिनिटांत जे घडलं त्याबद्दल कोणाशी तरी बोलल्याशिवाय झोप लागणार नाही हे कळून चुकलेलं असतं. घरात तो गेम कोणी खेळलेलं नसतं. मैत्रिणीला सांगायला जावं तर ती प्रेमाने ऐकून घेते, पण तिच्या डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

अशा वेळी माणूस ऑनलाइन सोबत शोधतो. नवीन खेळणारे मला बरेचदा विचारतात, की रेडिटवर जाऊ, डिस्कॉर्डवर जाऊ, की गेममधल्याच एखाद्या गिल्डमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, शिरू? या तिन्ही ठिकाणी मी वर्षानुवर्षं वावरले आहे. माझं म्हणणं असं, की त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो. तुम्हाला त्या गेमबद्दल बोलायचंय, की तुम्हाला माणसं हवी आहेत? दोन्ही हवं असणं साहजिक आहे. पण जिथे उत्तम चर्चा होते तिथे मैत्री क्वचित जुळते, आणि जिथे मैत्री घट्ट असते तिथे महिनोन् महिने गेमचा विषयही निघत नाही.

रेडिट: लिहिलेलं टिकतं

रेडिट हे चर्चेचं संकेतस्थळ २००५ साली सुरू झालं आणि आज जवळपास प्रत्येक गेमचं आपलं सबरेडिट, म्हणजे त्याच विषयाचा वेगळा कट्टा, आहे. त्याची खरी ताकद म्हणजे तिथला मजकूर शोधून सापडतो. ‘हॉलो नाइट’ आला २०१७ मध्ये. त्यातला पोकळ म्हणून निवडलेला तो योद्धा खरंच पोकळ होता का, यावर लोकांनी पानंच्या पानं लिहिली आहेत: कुठल्या खोलीतल्या पाटीवर काय कोरलंय, कुठलं पात्र कोणत्या प्रसंगी काय बोलतं, सगळं पुराव्यासकट. तुम्ही तो गेम आज संपवलात तरी ती चर्चा तुमच्यासाठी तशीच मांडून ठेवलेली आहे. पहिल्यांदा तो गेम संपवल्यावर मी सलग तीन रात्री जुन्या पोस्ट वाचत बसले होते आणि दरवेळी वाटत होतं, आपल्याला जे जाणवलं होतं पण शब्दांत पकडता आलं नाही, ते कोणीतरी आधीच लिहून ठेवलंय. एकट्याने खेळायच्या, गोष्टीवर उभ्या असलेल्या गेमसाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

याच गेमचा पुढचा भाग ‘सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि हातात पडला ४ सप्टेंबर २०२५ रोजी. मधली साडेसहा वर्षं खेळायला काहीच नव्हतं, तरी त्याचं सबरेडिट जिवंत राहिलं. प्रत्येक मोठ्या गेमिंग कार्यक्रमाआधी आशा, नंतर निराशा, मग त्याच निराशेवरचे विनोद, तोंडाला विदूषकाचे रंग फासलेली चित्रं. वाट पाहणं हाच तिथला सामुदायिक खेळ झाला होता.

पण मैत्रीचं काय? तिथे आपण मुद्दा वाचतो, माणूस वाचत नाही. एका गेमच्या शेवटावरून मी एकाशी दोन दिवस वाद घातला होता, फार सुंदर वाद होता तो. महिन्याभराने त्याचं नाव आठवायचा प्रयत्न केला, आठवलं नाही. शिवाय अपव्होटची, म्हणजे आवडलेल्या पोस्टला मत देऊन वर नेण्याची, पद्धत लवकर आलेल्या आणि पटकन पटणाऱ्या प्रतिक्रियेला वर नेते. गेम नवीन असतो तेव्हा ‘मला हा आवडला नाही’ एवढं साधं मतही तळाला जाऊन बसतं. त्यामुळे कोट्यवधी सदस्यांच्या सर्वसाधारण गेमिंग सबरेडिटवर वेळ घालवू नका, एका गेमचं छोटं सबरेडिट गाठा आणि गेम आल्यावर महिना-दोन महिने थांबून मग चर्चेत उतरा. गर्दी ओसरल्यावर जे उरतात तेच मनापासून बोलतात.

टिकतं म्हणाले, पण त्यालाही मर्यादा आहे. जून २०२३ मध्ये एपीआयच्या (इतर अ‍ॅप्सना रेडिटचा मजकूर वापरू देणाऱ्या सोयीच्या) नव्या दरांच्या निषेधार्थ हजारो सबरेडिट्स बंद ठेवण्यात आली, तेव्हा अडलेल्या ठिकाणी मदत करणाऱ्या असंख्य जुन्या पोस्ट एका रात्रीत उघडेनाशा झाल्या. एखादं विवेचन फार आवडलं तर ते आपल्याकडे उतरवून ठेवा.

डिस्कॉर्ड: आकड्यावर सगळं अवलंबून

डिस्कॉर्ड हे गप्पांचं अ‍ॅप मे २०१५ मध्ये आलं. त्याआधी एकत्र खेळताना बोलायला लोक टीमस्पीक किंवा व्हेंट्रिलो वापरायचे. बोलणं आणि लिहिणं दोन्ही एकाच जागी, तेही फुकट, म्हणून गेमर मंडळी बघता बघता तिकडे सरकली.

मात्र ‘डिस्कॉर्डवर या’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारा, सर्व्हर, म्हणजे तिथला गट, केवढा? दोन लाख सदस्यांचा अधिकृत सर्व्हर आणि चाळीस जणांचा घरगुती सर्व्हर यांचं सॉफ्टवेअर एकच, बाकी काहीही सारखं नाही. मोठ्या सर्व्हरवर मी एकदा मदतीच्या चॅनलवर एका बॉसबद्दल, म्हणजे हरवायला अवघड अशा मोठ्या शत्रूबद्दल, नीट तीन ओळींचा प्रश्न लिहिला. चहाचा कप हातात घेऊन परत येईपर्यंत तो स्क्रीनवरून वर निघून गेला होता, आणि खाली दोघं जण तिसऱ्याच गोष्टीवरून भांडत होते. तिथे चांगली उत्तरं मिळतच नाहीत असं नाही, पण मिळाली तरी ती वाहून जातात. सर्च इंजिनला ती सापडत नाहीत, पुढच्या माणसाला पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो. चर्चेच्या दृष्टीने डिस्कॉर्ड रेडिटच्या पासंगालाही पुरत नाही.

लहान सर्व्हरची गोष्ट वेगळी. तिथे ‘ऑफ टॉपिक’ नावाचं एक चॅनल असतं आणि मैत्री बहुतेक तिथेच रुजते. आत शिरल्यावर मी सर्वात आधी तेच वाचते. काल किती वेगवेगळी माणसं बोलली? एकमेकांना नावाने हाक मारतात का? ‘परीक्षा कशी झाली?’ असं कोणी कोणाला विचारलंय का? या एका प्रश्नावरून मला त्या सर्व्हरबद्दल जेवढं कळतं तेवढं त्याच्या नियमांच्या यादीवरून कळत नाही.

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८ मध्ये मैत्रीला किती वेळ लागतो याचा अंदाज मांडला होता: ओळखीचं रूपांतर जुजबी मैत्रीत व्हायला साधारण ५० तास, खऱ्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून अधिक. हे तास एकत्र घालवलेले, निवांत वेळेचे. व्हॉइस चॅनलवर हे तास नकळत जमतात. एक जण गेममध्ये शेती करतोय, दुसरी गड बांधतेय, तिसरा नुसता ऐकतोय. माईक बंद ठेवून बसलेलं चालतं. फुकटच्या खात्यावर १०० सर्व्हरपर्यंत सामील होता येतं, पण तास तेवढेच असतात, म्हणून दोन निवडा आणि तिथेच राहा.

मुलींसाठी एक वेगळी गोष्ट सांगते, कारण मला ती कोणी सांगितली नव्हती. माईकवर पहिल्यांदा आवाज गेला की सर्व्हरचा खरा स्वभाव कळतो. क्षणभर शांतता पसरली आणि मग प्रश्न सुरू झाले, तर बाहेर पडा. ‘डावीकडून येतायत, सांभाळ’ असं म्हणून खेळ पुढे चालू राहिला, तर थांबा. आणि कोणी वाकडं बोललंच तर मॉडरेटर किती वेळात हलतो ते बघा. तासाभरात हलला तर तो सर्व्हर सांभाळणारी माणसं जागी आहेत.

गिल्ड: ठरलेली वेळ, तीच माणसं

मैत्री हवी असेल तर माझं मत सरळ गिल्डच्या बाजूने आहे. कारण साधं आहे. इथे एकमेकांवाचून अडतं. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला तेव्हा मोठ्या रेडसाठी, म्हणजे अनेकांनी मिळून करायच्या अवघड मोहिमेसाठी, ४० माणसं लागायची. ‘फायनल फँटसी १४’ मध्ये आजही अवघड रेड आठ जणांची असते, आणि ठरलेले आठ जण ठरलेल्या वारी भेटतात. अशा गटाला तिथे ‘स्टॅटिक’ म्हणतात.

माझ्या स्टॅटिकमध्ये मी हीलर, म्हणजे बाकीच्यांना बरं करणारी, होते. एका बॉसपाशी आम्ही सहा आठवडे अडलो होतो. दर मंगळवारी तेच: सातव्या मिनिटाला कोणीतरी चुकीच्या फरशीवर उभं राहायचं आणि सगळे कोसळायचे. एकदा ऐन मोक्याच्या वेळी आमच्या टँकच्या (शत्रूचे वार अंगावर घेणाऱ्या खेळाडूच्या) माईकमधून बाळाचं रडणं आलं. ‘दोन मिनिटं’ म्हणून तो उठला. आम्ही सात जण त्या लाल उजेडातल्या मैदानात पात्रं बसवून वाट पाहत राहिलो, कोणी चिडलं नाही. वीस मिनिटांनी तो आला आणि कुजबुजत म्हणाला, झोपलं. त्यानंतरचा सगळा डाव आम्ही कुजबुजतच खेळलो, खरं तर आमचा आवाज त्याच्या हेडफोनबाहेर जाण्याचा प्रश्नच नव्हता. बॉस त्या दिवशीही पडला नाही. तो गेम सोडून मला कित्येक वर्षं झाली, पण बाकीच्या सातांपैकी चौघांशी आजही बोलणं आहे.

नॉर्वेच्या मॅट्स स्टीनची हकिकत अनेकांना माहीत असेल. ड्युशेन या स्नायूंच्या आजाराने तो २०१४ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी गेला. मुलगा एकटाच जगला असं आईवडिलांना वाटत होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली आणि वेगवेगळ्या देशांतून पत्रं येऊ लागली. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या ‘स्टारलाइट’ या गिल्डमध्ये तो ‘इबेलिन’ नावाने वावरायचा, लोकांची दुःखं ऐकायचा, त्यांना सल्ले द्यायचा. गिल्डमधले काही जण अंत्यसंस्काराला आले. ऑनलाइन मैत्री खरी असते का, असं मला कोणी विचारलं की मी एवढंच सांगते.

गिल्डची किंमतही मोठी असते. दोन संध्याकाळी बांधल्या जातात. तुम्ही आला नाहीत तर सात जणांचा वेळ वाया जातो आणि त्याचं ओझं मनावर राहतं. लुटीच्या वाटपावरून जुनी गिल्ड्स फुटलेली मी पाहिली आहेत. गेमवरची खोल चर्चा तर विसराच, तिथे बोलणं होतं ते चालींचं आणि घरच्या गोष्टींचं. शिवाय कंपनीने गेमच बंद केला तर? ‘सिटी ऑफ हीरोज’ २००४ ते २०१२ चालला आणि ३० नोव्हेंबर २०१२ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले. त्याचा एक खासगी सर्व्हर गुपचूप चालू असल्याचं २०१९ मध्ये उघड झालं, आणि जानेवारी २०२४ मध्ये चाहत्यांच्या ‘होमकमिंग’ या सर्व्हरला अधिकृत परवाना मिळाला. इतकं नशीब सगळ्यांचं नसतं. गेममधल्या माणसांशी गेमबाहेरही संपर्काची एक वाट ठेवा, गेम चालू आहे तोवरच.

बुजऱ्या लोकांसाठी चौथी वाटही आहे: त्या गेमचं विकी (चाहत्यांनी लिहिलेला माहितीकोश), मॉड (चाहत्यांनी गेममध्ये केलेले बदल) किंवा स्पीडरनिंग (गेम कमीत कमी वेळात संपवणं). तिथे गप्पा मारायचं दडपण नसतं, कारण हातात काम असतं. विकीवर एका तलवारीची चुकीची किंमत दुरुस्त केलीत की कोणीतरी आभार मानतं, आणि ओळख तिथून पुढे सरकते.

सावधगिरी मात्र सगळीकडे सारखीच लागते. ‘चुकून तुझ्या अकाउंटची तक्रार केली, आता या अमुक कर्मचाऱ्याशी बोल’ असा मेसेज ओळखीच्या नावाने आला तरी तो अकाउंट पळवण्याचा जुना सापळा आहे. ओळख होऊन आठवडा झाला नाही तोच कोणी खासगीत ओढून फोटो किंवा पैसे मागत असेल तर उत्तर न देता ब्लॉक करा. घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल तर ते कुठल्या सर्व्हरवर आहे हे त्याच्या शेजारी बसून एकदा बघा, चोरून नको.

आता निवडीचं. गोष्टीचा गेम एकट्याने खेळता आणि मनात प्रश्न आहेत, तर रेडिट, दुसरा विचार नको. कामाच्या वेळा सतत बदलतात, तर लहान डिस्कॉर्ड. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी तुमच्या स्वतःच्या असतील आणि एकटेपणा सलत असेल, तर गिल्ड, त्यातल्या सगळ्या कटकटींसकट. कुठेही गेलात तरी किमान महिनाभर थांबा. आणि ओळख करून द्यायच्या चॅनलवर नुसतं ‘हाय’ लिहू नका, त्याला कोणी काय उत्तर देणार? लिहा की अमुक बॉसपाशी चार दिवस अडकलेय, पण तिथलं संगीत इतकं आवडतंय की हरायचं वाईट वाटत नाहीये. त्याच बॉसपाशी कधीतरी अडकलेलं कोणीतरी तिथे नक्की असतं.