योतुनहाइमची ओळख करून घेताना आधी कोणती एड्डा वाचावी?

नॉर्स (प्राचीन स्कँडिनेव्हियाच्या) पुराणकथांतील योतुनहाइम, म्हणजे योतुन नावाच्या महाकाय कुळाची भूमी, मुळातून समजून घ्यायची असेल तर १३व्या शतकात आइसलँडमध्ये लिहिल्या गेलेल्या दोन ग्रंथांपैकी एकापासून सुरुवात करावी लागते. गद्य एड्डा स्नोरी स्टुर्लुसन (११७९–१२४१) याने सुमारे १२२० मध्ये रचली. काव्य एड्डा हा अनामिक कवींच्या गीतांचा संग्रह असून त्याचे मुख्य हस्तलिखित सुमारे १२७० मधले आहे.

गद्य एड्डेत सारे सुसंगत सांगितलेले आहे. योतुनांना जगाच्या कडेला, समुद्रालगत जमीन मिळाली आणि त्यांच्यापासून संरक्षण व्हावे म्हणून मिडगार्डचा, म्हणजे माणसांच्या जगाचा, तट उभा राहिला, हे स्नोरी क्रमाने सांगतो. मेघगर्जनेचा देव थोर याचा उतगार्दा-लोकी या योतुन राजाकडचा प्रवासही इथेच सविस्तर येतो. थोर आणि त्याचे सोबती रात्री ज्या घरात आसरा घेतात, ते घर सकाळी स्क्रिमिर नावाच्या महाकायाचा हातमोजा निघते आणि आतली बाजूची खोली म्हणजे त्या मोज्याचा अंगठा असतो! मात्र स्नोरी ख्रिस्ती होता, आइसलँडने धर्म बदलून दोन शतके उलटली होती, आणि त्याने हा ग्रंथ मुख्यतः तरुण कवींना जुनी काव्यरीती समजावी म्हणून लिहिला, हे वाचताना विसरू नये.

काव्य एड्डा तुटक आहे. कोण कोणाचा कोण, हे ती समजावून देत बसत नाही. पण योतुनांच्या घरात ती आपल्याला थेट नेऊन बसवते. थोरचा हातोडा चोरणारा थ्रिम एका टेकाडावर बसून आपल्या कुत्र्यांसाठी सोन्याचे पट्टे वळत असतो आणि घोड्यांची आयाळ नीट कापत असतो. पुढे तोच आपल्या सोनेरी शिंगांच्या गाई आणि काळेभोर बैल अभिमानाने सांगतो. वाफथ्रुदनिर हा योतुन तर खुद्द देवांचा प्रमुख ओडिन याच्याशी ज्ञानाची पैज लावतो. अशा कुळाला सरसकट ‘राक्षस’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण ओडिनची आई बेस्टला हीसुद्धा योतुनकन्याच होती.

नॉर्स कथांशी मुळीच परिचय नसलेल्याने गद्य एड्डेपासूनच सुरुवात करावी, नाहीतर गीतांतली नावे डोक्यावरून जातील. ज्याला थोर, लोकी आणि ओडिन आधीपासून माहीत आहेत, त्याने मात्र सरळ थ्रिमचे गीत उघडावे.